बाईंची मेंढी

प्रयोगशाळेत शिरताना डोक्याला फडकं बांधलेलं नसलं, की बाई दारातच अडवायच्या. "केस झाक आधी. मला मलेरियाची प्रथिनं हवीयत, तुझा कोंडा नको." संचालकांनाही त्यांनी एकदा हेच ऐकवलं होतं, आणि संचालकांना तर चांगलं टक्कल होतं.

मुलुंडच्या आमच्या संस्थेत बाई मलेरियाच्या परजीवीचा जनुकसंच तपासत. त्यात जनुकं कुठे आहेत याच्या खुणा संगणकाने केल्या होत्या. जिथे त्याला काही ओळखू आलं नाही, ती जागा त्याने रिकामी ठरवली होती. आम्ही परजीवीची प्रथिनं काढायचो, त्यांचे तुकडे यंत्रात तोलायचो आणि तुकडा जनुकसंचात नेमका कुठला, ते शोधायचो. नवख्यांना बाई हे आपल्या नाहूरच्या सोसायटीवरून समजावत. "खालच्या बोर्डावर फ्लॅट रिकामा लिहिलाय. पण गॅलरीत कपडे वाळतायत ना? मग राहतंय कुणीतरी. बोर्ड काय वाचता, कपडे बघा."

माझी पीएचडी अशाच एका रिकाम्या जागेपाशी अडून बसली होती. एका सकाळी यंत्राने तिथले तुकडे दाखवले आणि बाईंनी स्वतः सगळ्यांना पेढे वाटले. संध्याकाळी त्याच टेबलांपाशी त्या पुन्हा फिरल्या. "पेढे खाल्लेत ते राहू द्या. जनुक परत द्या."

झालं होतं असं, की यंत्राची खोली गारठलेली, म्हणून बाई तिथे लोकरीचा स्वेटर घालून बसत. त्याचाच धागा नमुन्यात पडला होता. संगणकापुढे जुळवायला फक्त परजीवीचा जनुकसंच. त्याने लोकरीचे तुकडे ओढूनताणून तिथेच बसवले. दुपारी बाईंना शंका आली, त्यांनी तेच तुकडे संगणकावर मेंढीच्या प्रथिनांशी ताडून पाहिले आणि सगळं तंतोतंत जुळलं. गप्प बसल्या असत्या तर कुणाला पत्ताही लागला नसता. मला रडूच फुटलं. बाई म्हणाल्या, "रडतेस काय? वाट माझ्या मेंढीने लावलीय ना, मग मीच निस्तरते."

स्वेटर दाराबाहेर खुंटीला टांगून त्या कुडकुडत माझ्याबरोबर नव्याने कामाला बसल्या. ती जागा खरंच रिकामी निघाली. पण तिच्या थोडं पुढे, तितक्याच रिकाम्या म्हणून सोडलेल्या पट्ट्यात, तुकडे सापडले. पुन्हा केलं, पुन्हा सापडले. तरी बाई पेढ्यांचं नाव काढू देईनात. "आधी छापून येऊ दे."

छापून आलं तोवर बाई निवृत्त होऊन लेकीकडे नाशिकला गेल्या होत्या. मी फोन केला.

"बाई, आपलं जनुक आलं."

"माझा स्वेटर कुठाय?"

"अजून खुंटीलाच आहे."

"मग आण पेढे."

दिवाळीत जाऊ म्हणत राहिले. त्याआधीच बाई गेल्या. फार आवडायच्या मला त्या, हे त्यांना कधी सांगितलं नाही.

नाहूरला त्यांच्या सोसायटीवरून कधी जाणं होतं. बोर्डावर त्यांचं नाव अजून आहे. मी मान वर करून गॅलरी बघते. दोरीवर काही नसतं.