दोन बोटं माया

शिंपीकाकांनी उडवायच्या छोट्या, खेळण्यातल्या विमानाच्या सुट्या भागांचा खोका आणला त्याला दोन वर्षं झाली. पातळ फळीवर छापलेले तुकडे कापायचे, चिकटवायचे आणि वर कागद ताणून बसवायचा, एवढंच काम. पण हात पडला शिंप्याचा. छापलेल्या रेघेवरच पातं चालवणं काकांच्या जिवावर येई. कपड्याच्या शिवणीत ठेवतात तशी त्यांनी प्रत्येक तुकड्याला दोन बोटं माया ठेवली. उद्या सैल करायची वेळ आली तर असावी म्हणून. विमान अंगानं चांगलंच भरलं.

त्यांच्या साडूंनी मात्र जवळजवळ तयार विमानच विकत आणलं. चार स्क्रू पिळले की उडायला मोकळं.

"विमान शिवत कोण बसतं?" ते येताजाता टोमणा मारत.

"तयार मालात माया नसते, साडूभाऊ," काका म्हणत.

रविवारी दोन्ही विमानं मैदानात गेली. साडूंचं झकास उडालं आणि थेट पाण्याच्या टाकीवर आपटलं. पंखाचं टोक मोडलं. काकांचं जमिनीवरून उठलंच नाही. जेवण अंगावर आलेल्या पाहुण्यासारखं मैदानभर रेंगाळलं.

साडूंचं तोंड एवढंसं झालं. काकांनी गळ्यातली टेप काढून मोडका पंख मापला, आपल्या विमानाची माया कापली आणि तिथल्या तिथे ठिगळ लावून दिलं.

काकू बघत होत्या. बहिणीला म्हणाल्या, "तीस वर्षं झाली लग्नाला. माझ्या एका ब्लाउजला कधी माया ठेवली नाही यांनी."