वहिनीची दारं

मी प्रसूतिगृहात नर्स आहे, त्यामुळे सहसा दचकत नाही. मध्यरात्री जुळी झालेली आणि पहाटे बाप चक्कर येऊन पडलेला, सगळं पाहून झालंय. पण माझ्या वहिनीने गेल्या काही वर्षांत मला जितके धक्के दिलेत, तितके सगळ्या वॉर्डाने मिळून दिले नाहीत. आई शप्पथ!

पहिला धक्का जेवणाच्या टेबलाचा. एकदा ड्यूटीवरून घरी आले तर टेबल गायब. खोली रिकामी. मला वाटलं चोरी झाली, ओरडणारच होते. तेवढ्यात वहिनी पदर खोचून बाहेर आली आणि म्हणाली, "ताई, टेबल दिलं शेजारी. आपण स्वयंपाकघरात जेवू. ही खोली मला हवीय."

"कशाला?"

"चित्रं काढायला."

मी आ वासून बघत राहिले. ही बाई तयार कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना बटणं लावते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हिच्या हातात कधी पेन्सिल पाहिली नव्हती. पाहिली असेल तर पोरीच्या अभ्यासाची. आमची भाची तेव्हा नुकतीच शिकायला दुसऱ्या गावी गेली होती. मी मनात म्हटलं, पोर गेली म्हणून हिचं डोकं फिरलं. चार दिवसांत उतरेल भूत.

उतरतंय कसलं! पुढच्याच आठवड्यात तिने कारखान्यात अर्धी पाळी मागून घेतली. सकाळी जायचं, दुपारी परत. जेवण झालं की त्या खोलीत शिरायचं, ते संध्याकाळच्या चहालाच बाहेर. मधे कुणी दार वाजवायचं नाही. मला काही हा कायदा पटला नाही. एकदा साखरेचा डबा सापडेना म्हणून मी बाहेरून हाक मारली, तर आतून आवाज आला, "घर पेटलंय का?"

"नाही."

"मग बिनसाखरेचा प्या."

मला! नणंदेला! मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही, हा आणखी एक धक्का.

दादा घरं रंगवतो. त्याच्या हाताला तोड नाही, हे मी बहीण म्हणून सांगत नाही. त्याने हात फिरवलेली भिंत अंधारात चाचपली तरी कळते. जुनी घरं नव्याने करायची कामं तो घेतो, तिथली काढून टाकलेली दारं कुणालाच नको असतात. वहिनीने ती मागायला सुरुवात केली. कॅनव्हास परवडत नाही, दार फुकट. डब्यांच्या तळाला उरलेला रंग फुकट. दादा हातगाडीवर दार घालून आणायचा, अंगणात त्याचा जुना रंग जाळून, खरवडून, घासून लाकूड मोकळं करून द्यायचा. वर काय काढायचं, ते तिचं. त्याने कधी विचारलं नाही, कधी नाकही मुरडलं नाही. "तिला आवडतं ना," एवढंच म्हणायचा, आणि थंड झालेल्या चहाचा घोट घ्यायचा.

आणि काढायची काय, तर आम्हीच! कारखान्यातल्या बायका डबे उघडून बसलेल्या. कोपऱ्यावरचा न्हावी जांभई देताना. मी गणवेशात, पाय बादलीत बुडवून. माझी परवानगी न घेता! मी भांडायला गेले आणि त्या दारासमोर उभी राहिले. मी घरी आल्यावर इतकी थकलेली दिसते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तोंडात मारल्यासारखी मी परत आले आणि भांडी घासायला घेतली.

नुसती काढून ती गप्प बसली असती तर ती वहिनी कसली. ती स्वतः जाऊन लोकांना विचारायची, "तुमच्या भिंतीवर लावता का? पैसे नकोत." न्हाव्याने लावलं. दवाखान्याने नको म्हटलं. वाचनालयाने नको म्हटलं. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी होय-नाही करत बाकासमोर एक लावून घेतलं. घरी येऊन ती ज्याने नको म्हटलं त्याचंही नाव हसत सांगायची. मी असते तर लाजेने घराबाहेर पडले नसते.

आणि त्या डॉक्टरीणबाईंकडे दाढ काढायला आली नगरसभागृहाची व्यवस्थापक. गाल धरून बसली होती म्हणे, आणि समोर बादलीत पाय घातलेली मी! दाढेचं दुखणं विसरून तिने पत्ता विचारला.

ती बाई घरी आली, सगळी दारं पाहिली. खोलीत एक मोठं रुंद दार अर्धवट झालेलं होतं. त्यावर आमचं ते गेलेलं जेवणाचं टेबल होतं. आमची वारलेली आई ताट पुढे सरकवतेय, भाची पुस्तक वाचत जेवतेय, मी हात हलवून कुणाला तरी झापतेय, वहिनी पाठमोरी. टेबलामागे मधोमध मात्र लाकूड तसंच, कोरं. बाई त्यापुढून हलेना. शेवटी म्हणाली, "पुढच्या महिन्यात आमच्या सभागृहाचं दालन रिकामं आहे. दर्शनी भिंतीवर हे असेल तर तुमचं प्रदर्शन. बाकीची छान आहेत, पण ह्याच्याशिवाय नाही जमायचं. पुरं झालं की बोलवा."

वहिनी त्या दिवशी जेवली नाही, इतकी आनंदली होती. तिच्या सगळ्या खटाटोपाचं चीज होणं त्या एका दारावर येऊन ठेपलं होतं, आणि हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दादाला तर जरा जास्तच ठाऊक होतं.

दार पुरं झालं. बाई बघायला येणार त्या दिवशी वहिनी सकाळी कारखान्यात गेली. मला सुट्टी होती. दादानेही काम बंद ठेवलं. खोली झाडली, दारं पुसली, मोठं दार उजेडात आणून उभं केलं आणि लांब जाऊन बघू लागला. तो असा बघायला लागला की भिंतीचंही काही खरं नसतं. आयुष्यभर त्याने एकच गोष्ट शोधलीय, रंगातून सुटलेला पट्टा. लोकांच्या घरी जेवायला गेला तरी त्याचं लक्ष पंख्यामागे ब्रश पोचलाय का, इकडे.

मी स्वयंपाकघरात होते. पॉलिश पेपरचा खर्र खर्र आवाज आला, पण तो आवाज आमच्या घरात रोजचाच. मी बघायला गेले नाही.

वहिनी दुपारी आली तेव्हा दादा ब्रश धुवत होता. चेहऱ्यावर आनंद, लहानपणी शर्यत जिंकून आला होता तसा. "अगं, मधे एवढं मोठं राहून गेलं होतं बघ. तुझ्या घाईत राहिलं असेल. मी पुट्टी भरून, प्रायमर मारून, दोन हात दिले. मागच्या भिंतीचा रंग आहे ना, तोच जमवला. लवकर वाळणारा आहे. कळतंय का कुठे जोडलंय ते?"

खरंच कळत नव्हतं. इतकं सफाईदार काम! टेबलामागे मधोमध आता गुळगुळीत पिवळसर भिंत होती.

वहिनीच्या हातातली पिशवी खाली पडली. ती दाराजवळ गेली, त्या जागेवरून तळहात फिरवला आणि तसाच तिथे ठेवला. काय झालंय ते मला कळलं नव्हतं, पण काहीतरी भयंकर झालंय एवढं कळलं.

"का गं? रंग चुकला?" दादाने विचारलं.

तेवढ्यात ती बाई आली. चप्पल काढता काढताच तिने आत पाहिलं आणि उंबऱ्यातच थांबली.

"अहो, मधला माणूस कुठे गेला?"

"कोण मधला माणूस?" दादाने विचारलं. मीही तेच विचारणार होते.

बाई गोंधळून वहिनीकडे बघू लागली. वहिनीने दादाकडे बघितलं. "तुम्ही," ती म्हणाली. "तुम्ही होतात तिथे."

"मी? तिथे तर नुसतं लाकूड होतं!"

"बाजूचा सगळा रंग तुमच्या आकाराच्या कडेला आणून थांबवला होता. लाकडाची गाठ बरोबर कपाळावर आली होती. हात टेबलावर होते. दिवसभर तुमच्या अंगावर रंग असतो. केसांत, नखांत, कानात. जेवतानासुद्धा. म्हटलं, इथे तरी तुम्हाला रंग नको."

दादा मटकन डब्यावर बसला. हे माझ्या थोरल्या भावाने केलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हासुद्धा. मग एकदम उठला, खरवडायचा पत्रा घेतला. "काढतो. आत्ता काढतो. मी लावलाय, मला काढता येईल."

वहिनीने त्याचं मनगट धरलं. "पुट्टी लाकडाच्या रेषांत बसलीय, अहो. तुमचं काम आहे ते. निघायचं नाही."

मला त्या दोघांचाही इतका राग आला! त्याचा, न विचारता हात घातला म्हणून. आणि हिचा, तोंड उघडून आधी सांगता येत नव्हतं? मी असते तर दाराखाली ठळक लिहून ठेवलं असतं, हा माझा नवरा आहे, ह्याला हात लावू नये. पण रडत मीच होते. ती दोघं नुसती उभी होती.

व्यवस्थापकबाई बिचारी चप्पल हातात घेऊन उभी. तिने हळूच विचारलं, "महिनाअखेरपर्यंत दुसरं होईल का?"

"होईल," वहिनी म्हणाली. "दार मिळेल. पण हे कधी बसतच नाहीत समोर. तो आकार मी नुसता लक्षात ठेवून केला होता, ते एकदाच जमलं."

दुसऱ्या दिवशी कामाच्या वेळेला दादा घरीच. मला वाटलं ताप आला. बघते तर खोलीत नवं घासलेलं दार उभं, त्याच्यासमोर वहिनी पेन्सिल घेऊन, आणि हा बाजूला अवघडून.

"बसू की उभा राहू?" त्याने विचारलं.

"बसा. पण आधी डोक्यावरून आंघोळ करून या. घासून."

तो गेला. किती वेळ पाणी ओतल्याचा आवाज येत होता. मग बाहेर आला. हातपाय लाल झालेले, नखं स्वच्छ, अंगावर लग्नाकार्याला घालायचा सदरा. खुर्चीवर बसला, हात गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणाला, "चालेल?"

मी दारात चहा घेऊन उभी होते, तशीच राहिले. त्याचं डोकं पांढरं होतं. पार पांढरं. रोज घासकामाची भुकटी बसलेली असते म्हणून मी कधी दुसरा विचारच केला नव्हता, आणि आता एवढं धुऊनही ते तसंच होतं. माझा दादा म्हातारा झाला होता. कधी झाला? एका घरात राहतो आम्ही!

वहिनी दचकली नाही. तिने शांतपणे पेन्सिलीला टोक काढलं आणि म्हणाली, "मान जरा सरळ ठेवा."