मागच्या भिंतीतला खळगा

हे मी लिहावं की नाही, या विचारात बरेच दिवस गेले. मी हाशाबाबांच्या नात्यातला नाही, त्यांच्या आगरी गावातलाही नाही. आम्ही साताऱ्याकडचे. वडील मार्केटात गोणी उचलतात, आणि बाबांच्या घरामागच्या खोलीत आम्ही अनेक वर्षं भाड्याने राहिलो. घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्यावं. गेल्या महिन्यात आईने फोनवर "हाशाबाबा गेले रे" एवढंच सांगितलं, आणि त्यांच्या चेहऱ्याआधी मला त्यांच्या घराची मागची भिंत आठवली...

उलव्याच्या टॉवरांमध्ये ते घर फार बुटकं दिसतं. खाडीला बांध घालून ज्यांनी इथे पहिल्यांदा भात पिकवला, त्यांनी ते बांधलं. गावातलं सगळ्यात पहिलं घर. भरतीचं पाणी शिरू नये म्हणून दगडी जोतं छातीएवढं उंच, आणि त्यावर बांधाच्याच मातीच्या जाड भिंती. मागच्या भिंतीत एक खळगा आहे, हात कोपरापर्यंत आत जाईल असा. गावात कुणी नवं घर बांधायला काढलं, की इथली मूठभर माती नेऊन पायाच्या खड्ड्यात टाकतो. बाबा ती स्वतःच्या हाताने काढून द्यायचे, वर चहाही पाजायचे.

कॉलेजच्या प्रकल्पासाठी मी या घराची माहिती जमवली आणि वारसा यादीसाठी अर्ज केला. बाबांचा मुलगा जनूदादा यांना तिथे इमारत हवी होती. यादीत नाव आलं तर घर वाचेल, म्हणून बाबा रोज विचारायचे, "आयला का रं तुजा सायेब?" यादीसाठी घर तपासायला साहेब आले. जोतं बघून खूश झाले. मग मागे गेले आणि म्हणाले, "हे नुकसान आधी सिमेंटने बुजवून घ्या, म्हणजे मला शिफारस करता येईल."

"नुसकान?" बाबा हसले. "भिंत पडली नाय सायेब, गावात वाटली हाय."

जनूदादा वैतागले. "एवढ्याशा खळग्यापायी यादीतून जाशील, बाबा! मंग घर पाडलं तं मना बोलू नको."

"बुजवला तं पुढच्यानं माती कुठून न्यायची? तुज्या टॉवरातून?"

साहेब निघून गेले. मला बाबांचा राग आला होता. ज्या घरासाठी एवढी धडपड, तेच ते एका खळग्यासाठी पणाला लावत होते. पण त्याच वर्षी आम्ही जवळच स्वतःचं वन रूम किचन घेतलं. निघायच्या सकाळी बाबांनी वडिलांना मागे बोलावलं आणि ओंजळीत माती ठेवली. वडील अवघडले. "आम्ही गावचे न्हाई, बाबा."

"आमचा पयला मानूस तरी कुठं गावचा व्हता? तो पन भायरूनच आयला."

"पण आमाला पाया कुठाय? सातवा मजला..."

"मंग कुंडीत टाक! बायको कढीपत्ता लावल." आणि आपल्याच बोलण्यावर ते खोकला येईपर्यंत हसले.

साहेबांना 'वारसा' म्हणजे काय ते नीट सांगायला हवं होतं, असं मला अजून वाटतं. त्या दिवशी शब्द सापडले नाहीत, आजही पुरते सापडत नाहीत. आमच्या खिडकीत कढीपत्ता आहे. आई पानं खुडते आणि "बाबांचा लई जोरात आलाय" म्हणते... अजूनही तसंच म्हणते.

बाबा गेल्यावर घराचं काय होणार, हे विचारायचं मला धाडस होत नव्हतं. काल जनूदादांचा फोन आला. मला वाटलं, यादीचं काही कळलं असेल. यादीचं अजून काहीच नाही. ते म्हणाले, "इमारत बाजूच्या खळ्यावर घेतोय. आज पाया खनला. माती काढाया मागं गेलो, हात घातला..." मी हळूच विचारलं, "आणि घर?"

"घर ऱ्हातंय. पाडलं तं पुढच्यानं माती कुठून न्यायची?"