मंडळीचं शेपूट

आमच्या चर्चच्या मंडळीत वडील, म्हणजे कारभारी पंच म्हणून माझी निवड झाली तेव्हा बायको म्हणाली, "आता प्रार्थना आणखी लांबणार." तिचं काही चुकलं नाही. मी कपडे शिवतो. आठवडाभर मशीनवर मान मोडून बसलेल्या माणसाला रविवारी उभं राहून बोलायला मिळालं की त्याला आवरणं कठीण जातं. माझी आध्यात्मिक तयारी म्हणतात ती एवढीच.

माझा धाकटा भाऊ रंगारी. हात असा सफाईचा की कोपऱ्यातसुद्धा ब्रशची रेघ दिसायची नाही. पण काम शेवटाला नेणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. माझ्या दुकानाच्या तीन भिंती त्याने रंगवल्या. चौथी अजून आमच्या बाबांच्या काळातली आहे आणि ती मी मुद्दाम तशी ठेवली आहे असं गिऱ्हाइकांना सांगतो. रात्रशाळा त्याने अर्ध्यात सोडली. गाडी पुढे न्यायला शिकला, मागे घ्यायचं शिकण्याआधी तीही शिकवणी सोडली. दारू मात्र त्याने बऱ्याचदा सोडली.

शेवटी त्याची बायको मुलीला घेऊन माहेरी निघून गेली. तिने आरडाओरडा केला नाही. "एक काम, एकच, सुरू केलंस ते शेवटपर्यंत ने. मग बघू," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून तो दारूला शिवला नव्हता, पण यावर कोणाचा विश्वास नव्हता, माझा तर मुळीच नाही. मी भर उपासनेत उभा राहून गहिवरल्या आवाजात म्हणायचो, "हे प्रभू, माझ्या धाकट्या भावाला सांभाळ. तो किती दुर्बळ आहे हे तू जाणतोस." प्रभू जाणत होताच. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही माझ्या कृपेने कळायचं आणि सगळ्यांच्या माना मागच्या बाकाकडे वळायच्या.

एका रविवारी पाळकसाहेबांचा घसा बसला आणि संदेश द्यायची पाळी माझ्यावर आली. मी विषय घेतला, विश्वासाची धाव. ख्रिस्ती जीवन म्हणजे शर्यत. ओझं टाका, मागे वळून बघू नका, दम लागला तरी थांबू नका, जो शेवटपर्यंत धावेल त्यालाच मुकुट, असं मी घाम फुटेपर्यंत बजावलं. बोलताना माझं पोट समोरच्या कठड्यावर टेकलेलं होतं. दुकानाचा जिना चढताना मी मधल्या पायरीवर थांबून गिऱ्हाइकाला घरच्यांची खुशाली विचारतो, ती काही मायेपोटी नाही.

उपासना सुटल्यावर भाऊ दारात उभा होता.

"दादा, ते धावायचं म्हणालास ना, त्याला नाव कुठे द्यायचं?"

"अरे, ते उदाहरण होतं."

"मग उदाहरणापासूनच सुरुवात करतो," तो म्हणाला.

खरं म्हणजे आमची मंडळी दरवर्षी खरोखरची धाव ठेवते. चर्चच्या फाटकातून निघायचं, कालव्याच्या काठाने पुलापर्यंत जायचं, पूल ओलांडून दुसऱ्या काठाने परत यायचं. तिचा नियम असा, की सगळ्यांच्या मागे एक माणूस धावतो. त्याला आम्ही शेपूट म्हणतो. शेपटाने कोणालाही मागे टाकायचं नाही. ते परत आलं की फाटकाशी धरलेली शेवटची फीत उतरवायची, धाव संपली. थकलेल्यांना उचलायला शेपटाच्या मागून एक गाडी येते. शेपूटच गाडीत बसलं, तर ती गाडीच शेपूट ठरते. ती ज्याच्या पुढे जाईल तो बाद.

भावाने नाव दिलं. ते ऐकून पाळकसाहेब बसक्या आवाजात मला म्हणाले, "मास्तर, एवढं सुंदर बोललात, आता तुम्हीही?" सगळे बघत होते. मी मोठ्या नम्रतेचा आव आणून शेपटाची जागा मागून घेतली. शेवटी येण्याचा सराव लागत नाही, असा माझा हिशेब होता.

शेपटाला ओळखू यावं म्हणून भडक नारिंगी बंडी घालतात. जुनी विटली होती, म्हणून नवी मीच शिवायला घेतली. शिंप्याने स्वतःचं माप स्वतः घेऊ नये, हे मी माझ्या हाताखाली शिकलेल्या सगळ्यांना सांगितलं आहे. तरी आरशासमोर उभा राहिलो, पोट आत ओढलं, श्वास रोखला आणि टेप लावली. आकडा इतका छान आला की मी त्यावरच कापड कापलं. धावायच्या सकाळी बंडीत शिरलो खरा, पण श्वास रोखून पुलापर्यंत जाता येत नाही. कालव्याच्या पहिल्याच वळणावर बगलेतली शिवण उसवली. मागच्या गाडीतून प्लंबर खो-खो हसला.

प्लंबर आमच्याच मंडळीतला. गाडी त्याचीच, मागे पाइप आणि नळ खडखडत होते. पुढच्या सीटवर पंखा लावलेला. "मास्तर, बसा की. कोण बघतंय?" असं तो दर थोड्या वेळाने प्रेमाने म्हणायचा. सैतानाला शिंगं असतात असं मी मुलांना शिकवत आलो. तो पंखा लावून येतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

बाकीचे धावणारे केव्हाच दिसेनासे झाले होते. पुढे फक्त माझा भाऊ. थोडं धावायचा, थोडं चालायचा, कठड्याला धरून खोकायचा, पुन्हा निघायचा. त्याची बायको मुलीला घेऊन फाटकाशी येणार आहे, हे सकाळी त्यानेच मला सांगितलं होतं. सांगताना त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

पूल ओलांडला आणि माझ्या पोटरीत गोळा आला. साधासुधा नाही, डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी रस्त्यातच बसलो. प्लंबरने गाडी शेजारी आणून दार उघडलं. पंख्याचा वारा अंगावर आला. मी दाराला धरून उठलो आणि एक पाय आत ठेवलासुद्धा.

तेवढ्यात पुढच्या चढावर भाऊ दिसला. गुडघ्यांवर हात टेकून तो वाकला होता. मी बसलो असतो तर आमची गाडी त्याच्या शेजारून आरामात पुढे गेली असती आणि फाटकाशी त्याच्या बायकोने बघितलं असतं, की गाडीतून मी उतरतोय, फीत गुंडाळली जातेय आणि तो अजून रस्त्यात आहे. मला त्याची दया आली. दयाच नव्हे, लाजही वाटली. मी पाय बाहेर काढला.

"मास्तर, हट्ट करू नका," प्लंबर म्हणाला.

"गप गाडी चालव. हळू चालव."

मी लंगडत निघालो. चार पावलं टाकायचो, विव्हळायचो. वर बघतो तर भाऊ उलटा माझ्याकडे येत होता.

"मूर्खा, पुढे जा!" मी ओरडलो.

"तू दिसेनास."

"मी शेपूट आहे. मी मागेच असणार!"

"तू गाडीत बसलास तर मी गेलो ना बाराच्या भावात? त्यापेक्षा तुला चालवतो." त्याने माझा हात स्वतःच्या खांद्यावर घेतला. "यात माझा स्वार्थ आहे दादा, उपकार समजू नकोस."

त्याच्या खांद्याची हाडं माझ्या हाताला लागत होती. जन्मभर मीच त्याला ओढत आणलं, असं मी लोकांना सांगत आलो होतो. आता माझं सगळं वजन त्याच्यावर होतं आणि ते किती आहे, हे मला त्या बंडीने सकाळीच कळवलं होतं. आम्ही दोघेही एकमेकांना शिव्या घालत चाललो. संदेशातली एकही ओळ मला आठवली नाही.

फाटकाशी तुरळक माणसं उरली होती. फितीचं एक टोक धरून पाळकसाहेब जांभया देत होते. रेषेच्या अलीकडे मी त्याच्या खांद्यावरून हात काढला, कारण शेपटाने मागे राहायचं असतं. "जा," मी म्हणालो. तो गेला. फितीपलीकडे त्याची मुलगी धावत येऊन त्याच्या पायांना बिलगली आणि तो मटकन खाली बसला.

मी भिंतीला धरून कसाबसा पलीकडे पोचलो. त्याची बायको तिथेच उभी होती, डोळे पुसत. तिच्या पायाशी मोठी बॅग होती, एवढी भरलेली की चेन लागत नव्हती, वरून दोरी बांधलेली. शेजारी मुलीचं दप्तर आणि गुंडाळलेली उशी.

मी तिच्याकडे बघितलं, बॅगेकडे बघितलं. "म्हणजे तू सकाळीच सगळं घेऊन आलीस?"

"हो."

"आणि तो पोचला नसता तर?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं आम्ही शिंपी उलटं कापड धरणाऱ्या नवख्याकडे बघतो.

"दादा, रस्ता माहीत आहे मला," ती म्हणाली. "आम्ही दोघी गेलो असतो त्याला आणायला."