चोकची मूठ

मरोळला माझं गॅरेज होतं. पत्र्याची शेड, एक खड्डा आणि मी एकटा. एका शनिवारी दुपारी एक बाई गाडी घेऊन आल्या. घाटकोपरच्या एका शाळेत गणित शिकवायच्या. मिस्टर जाऊन वर्षही झालं नव्हतं. गाडी त्यांचीच, बाईंना चालवायला शिकवलं तेही त्यांनीच.

"मिस्त्री, गाडी पेट्रोल फार पिते. पूर्वी टाकी पंधरा दिवस जायची, आता आठवड्यात काटा तळाला. आणि सिग्नलला थांबले की हा ऑइलचा लाल दिवा लागतो."

मी ऑइलची पट्टी काढून पाहिली. ऑइल पातळ झालेलं, नाकाशी धरलं तर पेट्रोलचा वास. प्लग काजळीने काळेकुट्ट. थंड इंजिन सुरू करताना ओढायचा चोक तसाच ओढलेला ठेवून गाडी चालवली की इंजिनात जादा पेट्रोल जातं. जळत नाही ते ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, दाब पडतो आणि दिवा लागतो.

"बाई, तुम्ही चोक आत ढकलायला विसरता."

"नाही हो. गाडी सुरू झाली की लगेच ढकलते."

मी वाद घातला नाही. ऑइल बदललं, प्लग साफ केले, चोकची केबलही नवी घातली. दहा दिवसांनी बाई परत. दिवा तसाच, पेट्रोल तसंच.

या वेळी आवाज खाली आणून म्हणाल्या, "निघताना मी मूठ आत ढकलते. असल्फ्याची चढण लागली की ती बाहेर आलेली असते. मी हातसुद्धा लावत नाही."

मूठ डॅशबोर्डखाली मधोमध होती आणि चांगली घट्ट होती. हादऱ्याने सुटणं शक्यच नव्हतं. मला वाटलं, बाईंचाच हात जात असणार. दुःखात माणसाला भान राहत नाही.

"चला, मी शेजारी बसतो," मी म्हणालो.

भर दुपार होती. साकीनाका मागे पडेपर्यंत मी त्यांच्या हातांवरून नजर हलवली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर. गिअर बदलला की डावा हात लगेच जागेवर. चढण लागली आणि इंजिन गुदमरल्यासारखं करायला लागलं. मागे वळून पाहिलं, तर काळा धूर.

"बाई, तुम्ही तर हात लावला नाहीत. मग चोक ओढला कोणी?"

बाईंनी रस्त्यावरची नजर काढली नाही. "आत्ता तर तुम्हीच ओढलात ना."

मी खाली पाहिलं. माझा उजवा हात पुढे गेला होता. बोटं मुठीवर होती आणि मूठ पूर्ण बाहेर आली होती.

हात कधी गेला, मला आजही आठवत नाही. चटका बसावा तसा मी तो मागे घेतला.

"मिस्टर तिथेच बसायचे," बाई म्हणाल्या. "चढण आली की न विचारता चोक ओढायचे. गरम इंजिनाला नको म्हणून किती वेळा सांगितलं. ऐकतील तर शपथ!" घरात बसलेल्या माणसाची तक्रार करावी तशा बोलत होत्या.

परत आल्यावर मी केबलच काढून टाकली. गाडी सुरळीत झाली. दिवा बंद, पेट्रोल पूर्वीसारखं. महिन्याभराने बाई पुन्हा शेडपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"आता काय झालं?"

"काही नाही. गाडी उत्तम चालते." मग म्हणाल्या, "ती केबल जोडून द्या."

"बाई, इंजिनाची वाट लागेल."

"लागू दे. शेजारची सीट फार रिकामी वाटते हो."

मी जोडून दिली. ऑइल बदलायला दर महिन्याला या, एवढंच म्हणालो. दोन वर्षं त्या नेमाने आल्या. दर वेळी ऑइलला पेट्रोलचा वास यायचा. काम झालं की विचारायच्या, "मिस्त्री, एक चक्कर मारून बघता का?"

"तुम्हीच मारा. मी इथून आवाज ऐकतो."

मी शेडच्या दारात उभा राहायचो. नाक्यापर्यंत इंजिन अगदी झकास चालायचं. मग गाडी वळायची आणि मागे काळा धूर दिसायचा.