मी त्याला हिंदीत बोलायला लावलं

स्पर्धेला बसण्याआधी तुमचे हात थरथरतात, तेव्हा तुम्ही नेमके कोणाला घाबरता? समोरच्या संघाला, की मागे उभं राहून हसणाऱ्यांना?

मला हे उशिरा कळलं. माझे वडील शिक्षक. तेलंगणातल्या आदिलाबादजवळच्या मावला गावातल्या आमच्या घरात चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. त्यांच्या घड्या घालता घालता मी वाचायला शिकलो. कोणापुढे मान खाली घालू नका, हे पत्रकातलं वाक्य मी शाळेत जायच्या आधीच चौकात स्टुलावर उभं राहून वाचून दाखवलं होतं. माईकची भीती मला कधी वाटली नाही.

मोबाइलवरचा बंदुकांचा खेळ मी आणि शेजारचा माझा मित्र जोडीनं खेळायचो. नेम माझा, नजर त्याची. कानात त्याचा आवाज सतत चालू असायचा. "डाव्या भिताडामागून एक येऊन राह्यला. थांब. आता हाण." माझे हात कापायला लागले की म्हणायचा, "काऊन भेऊन राह्यला बे? मी आहो ना." भीतीवर एवढाच इलाज मला ठाऊक होता.

आदिलाबादची स्पर्धा जिंकणारी जोडी हैदराबादला जाणार होती. मित्राच्या वडिलांनी त्याला बजावलं होतं, जिंकला तर जा, हरला तर पांढरकवड्याला मामाच्या दुकानात बस. खेळणं बंद.

फंक्शन हॉलमध्ये सरावाच्या फेरीतच मागची पोरं हसायला लागली. एकानं माझ्या मित्राची नक्कल केली, "येऊन राह्यला, येऊन राह्यला." हॉल हसला. माझे कान तापले. मी वाकून मित्राला म्हणालो, "इथं हिंदीत बोल."

"हिंदीत? अन् तवरीक त्यानं गोळी घातली त?"

"गावठी दिसून राह्यलो आपण."

त्यानं मान डोलावली.

खऱ्या सामन्यात त्याचं "उधर... वो दीवार के..." पुरं होईपर्यंत मी दोनदा मेलो. तिसऱ्या डावात तो बोललाच नाही. कानात नुसती शांतता होती, आणि तिच्यात माझे हात कधी नव्हे इतके कापले. आम्ही हरलो. तेव्हा कोणी हसलंही नाही. हसणारी पोरं केव्हाच दुसऱ्या टेबलाकडे गेली होती.

परतताना ऑटोत तो एकदाच बोलला. "तुह्या पत्रकात हे नव्हतं ना बे."

आठवड्यात तो पांढरकवड्याला गेला. महिन्याभरानं मी फोन केला.

"हाँ भाई, बोलिए."

मला वाटलं, गिऱ्हाईक समोर असेल. "दुकानात कोणी आहे काय?" मी आपल्या बोलीत विचारलं.

"नहीं भाई, कोई नहीं है. बोलिए."

मी फोन ठेवून दिला.

आता मी एकटा खेळतो. हात कापत नाहीत. भीती कशी घालवली, असं नवी पोरं विचारतात. मी ती घालवली नाही. माझ्यासाठी जो बोलत होता, त्याच्या गळ्यात मी ती उतरवली.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. पुढच्या सामन्यात तुमच्या जोडीदाराच्या बोलीवर कोणी हसलं, तर जोडीदाराला गप्प करू नका. हेडफोन काढा, मागे वळा, आणि हसणाऱ्याला गप्प करा.