सॅल्यूटसाठी हलका हात

पोस्टिंग पहाडात होतं. सकाळी रसद घेऊन कॉन्व्हॉय वर जायचा, दुपारी रिकामा उतरायचा. दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर नायक विलास, आसेगावचा. शेजारी मी, मेडशीचा. दोघं वाशिम जिल्ह्यातले, त्यामुळे गाडीत अस्सल वऱ्हाडी गप्पा चालायच्या आणि मागे बसलेल्या जवानांना त्यातलं ओ की ठो कळत नसे.

एका सकाळी वळणावर आमच्या गाडीखालचा रस्ता खचला. वायरलेसवर मी शेवटचं ऐकलं ते एवढंच: "कॉन्व्हॉय हॉल्ट. नंबर टू खाली गेली. ओव्हर."

विलास गेला. माझा उजवा खांदा मोडला.

ऑपरेशननंतर सिक लीव्हवर घरी आलो. हाड जुळलं होतं, पण हात छातीच्या वर जाईना. विलासच्या पहिल्या पुण्यतिथीला आसेगावात मानवंदना होती. तिथे सॅल्यूट न करता उभं राहणं मला जमणार नव्हतं.

मिलिटरी हॉस्पिटलच्या फिजिओ मॅडमनी सांगितलं होतं, व्यायामाआधी कोमट तेलाने हलकी मालिश. ही ड्यूटी आबांनी घेतली. माझे वडील, भाजीपाला पिकवणारे आणि जुने पहिलवान. माणूस ओरडल्याशिवाय मालिश लागू पडत नाही, हे त्यांचं मत. मी फौजी, मलाही ते पटलं. लवकरच खांदा टम्म सुजला. मॅडमनी फोनवर आम्हा दोघांना फैलावर घेतलं.

मग आई बोलली. "कोथिंबिरीच्या जुडीले इतकं जपता, अन् पोराले काहून चेपून राह्यले?"

आबा वरमले. दुसऱ्या दिवसापासून नुसता तळहात फिरू लागला.

"दुखून राह्यलं का?"

"नाही."

"मंग फायदा काय होऊन राह्यला?"

फायदा होत होता. आखडलेले स्नायू सैल पडले, झोप लागू लागली, व्यायाम दात न आवळता होऊ लागला. आबांनी मला इतक्या मायेने कधीच हात लावला नव्हता. ते दिवस मला फार आवडले. हळूहळू हात कानापर्यंत पोचला.

आसेगावात बिगुल वाजला. हात वर गेला. कळ आली, पण हात हलू दिला नाही.

नंतर विलासची आई जवळ आली. "दुखते का रे अजून?"

फौजेत या प्रश्नाला 'नाही' एवढंच उत्तर असतं. तिला मात्र म्हणालो, "थोडं दुखते, काकू."

तिने मला खुर्चीत बसवलं आणि वर्दीवरूनच खांद्यावर हळूहळू हात फिरवू लागली.

"माहा विलास लंगडा-थोटा होऊन आला असता, तरी चाललं असतं मले," ती म्हणाली. "जलमभर चोळून देल्लं असतं मीनं."